दुसरीतली मुलगी ‘शी इज गो’ म्हणते, तेव्हा काय करावे?

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. आपली मुलगी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी जिल्हा परिषदेच्या सेमी-इंग्रजी शाळेत दुसरीत शिकते. गेल्या वर्षी ती ‘आय गो स्कूल’, ‘शी प्ले’ असे तुटक, पण बेधडक बोलत असे. यंदा मात्र ‘आय ॲम गो स्कूल’, ‘शी इज प्ले’, ‘यू आर लाइक मँगो?’ अशी वाक्ये तिच्या तोंडी येऊ लागली आहेत. ट्यूशनचे सर ‘ॲम, इज, आर’चा तक्ता रोज लिहून घेतात, तरी बोलण्यात फरक पडत नाही. नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये शिकणारा तिच्याच वयाचा चुलतभाऊ ठीक बोलतो. तेव्हा मुलगी पुढे जाण्याऐवजी मागे चालली आहे का, आणि तक्ता वाढवावा की बंद करावा, असे आपण विचारले आहे.

मी बरीच वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवले आणि पुढे गट साधन केंद्रातून शिक्षकांसोबत याच विषयावर काम केले. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे हा प्रश्न मला शेकडो पालकांनी आणि त्याहून अधिक शिक्षकांनी विचारलेला आहे. थोडक्यात सांगायचे तर मुलगी मागे गेलेली नाही. मात्र ‘इज’ हा शब्द तिला सापडला आहे आणि तो कोठे बसतो हे अजून कळलेले नाही, यातले पहिले वाक्य जितके खरे तितकेच दुसरेही खरे आहे. मूल या टप्प्यातून किती दिवसांत बाहेर येईल हे मात्र परिस्थितीवर अवलंबून असते. दिवसातून किती इंग्रजी कानावर पडते, ते केवळ वाचून दाखवलेले असते की मुलाशी बोललेले असते, घरची भाषा वऱ्हाडी आहे की गोरमाटी किंवा कोलामी, म्हणजे शाळेतली मराठी हीच मुलासाठी दुसरी भाषा आहे का, यावर बरेच ठरते. हे सगळे आपल्या प्रश्नात नाही, म्हणून मी मुदत सांगणार नाही. कारणे आणि उपाय सांगतो.

आधी ज्यांची मायबोलीच इंग्रजी आहे त्या मुलांकडे पाहू, कारण आपला बराचसा गैरसमज तेथूनच दूर होतो. हार्वर्ड विद्यापीठातील रॉजर ब्राउन यांनी ॲडम, ईव्ह आणि सारा या तीन मुलांचे बोलणे दीर्घकाळ नोंदवले आणि इंग्रजीतील चौदा लहान व्याकरणघटक कोणत्या क्रमाने पक्के होतात हे १९७३ मध्ये मांडले. ‘पक्के’ म्हणजे जेथे तो घटक यायलाच हवा अशा जागांपैकी नव्वद टक्के जागी तो येणे, अशी त्यांची कसोटी होती. त्या यादीत ‘गोइंग’, ‘ईटिंग’मधला ‘इंग’ सर्वांत आधी येतो आणि त्याच वाक्यातले ‘ॲम, इज, आर’ सर्वांत शेवटी. म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतले मूल कितीतरी महिने ‘डॅडी गोइंग’, ‘आय ईटिंग’ असेच बोलते आणि त्याच्या आईला त्यात काही वावगे वाटत नाही.

हे असे का होते, तर इंग्रजीत सहायक क्रियापद, म्हणजे शाळेच्या बोलीत हेल्पिंग व्हर्ब, वाक्याच्या मध्यभागी आले की ते दबून उच्चारले जाते. ‘शी इज गोइंग’ असे कोणी म्हणत नाही, ‘शीज गोइंग’ म्हणतात, आणि त्यातला ‘ज’ मुलाच्या कानापर्यंत नीट पोहोचतही नाही. शिवाय तो गाळला तरी अर्थ कळतो. याच्या उलट नकाराचे शब्द ठसक्यात उच्चारले जातात आणि त्यांवाचून अर्थच उलटतो. म्हणूनच एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांनी १९६६ मध्ये याच मुलांच्या नकारांविषयी लिहिताना दाखवले की ‘कान्ट’ आणि ‘डोन्ट’ हे मुलांच्या तोंडी आधी येतात, तर मोकळे ‘कॅन’ आणि ‘डू’ नंतर. त्या वयात ‘डोन्ट’ म्हणजे ‘डू’ अधिक ‘नॉट’ हे मुलाला ठाऊक नसते; ‘नको’सारखा तो एकच शब्द असतो.

आता आपल्या मुलीकडे येऊ. तिची चूक या मुलांसारखी नाही, उलट आहे. ते ‘इज’ गाळतात, ही नको तेथे घालते. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांत हेच दिसते. तानिया इओनिन आणि केनेथ वेक्सलर यांनी २००२ मध्ये अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या रशियनभाषक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती मुले ‘गोज’, ‘प्लेज’मधला शेवटचा ‘ज’ सर्रास गाळत होती, पण ‘इज’ मात्र क्वचितच गाळत होती. उलट ‘द लायन इज गो डाउन’ अशी वाक्ये बोलत होती. रशियन भाषेत वर्तमानकाळी ‘आहे’ अशा अर्थाचे क्रियापद सहसा वापरतच नाहीत, म्हणून ही सवय मुलांनी घरच्या भाषेतून उचलली असे म्हणता येत नाही. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये काळ दाखवणारे काहीतरी असावे लागते, एवढे त्यांना उमगलेले असते, आणि तेथे स्वतंत्र शब्द ठेवणे हे धातूला प्रत्यय जोडण्यापेक्षा सोपे जाते.

म्हणून ‘शी इज गो’ ऐकले की पहिल्यांदा एक गोष्ट तपासावी. मुलीला ‘ती जाते’ म्हणायचे आहे की ‘ती आत्ता जाते आहे’? मी वर्गात नेहमी मराठीतूनच विचारतो, “आत्ता, का रोज?” बहुतेक मुले दोन्ही अर्थांना एकच वाक्य वापरत असतात. रोजचे सांगायचे असेल तर ‘इज’ काढायचा आहे, आत्ताचे सांगायचे असेल तर ‘इंग’ जोडायचा आहे. हे दोन निराळे दुरुस्तीचे रस्ते आहेत, आणि ‘ॲम, इज, आर’चा तक्ता त्यांपैकी एकावरही नेत नाही. कोणत्या कर्त्यासोबत कोणता शब्द, एवढेच तो शिकवतो. आपली मुलगी तर तेथे चुकतच नाही. ‘आय’सोबत ‘ॲम’, ‘शी’सोबत ‘इज’, ‘यू’सोबत ‘आर’ तिने बरोबर घातला आहे.

येथे विदर्भातल्या मुलांना एक सोय आहे, जी आपण शिक्षक मंडळी शुद्ध-अशुद्धाच्या भीतीने वाया घालवतो. वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीत आत्ता चाललेली क्रिया सांगताना मूल ‘मी खातो’ म्हणून भागवत नाही. ते ‘मी खाऊन राहिलो’, ‘ते (म्हणजे ती) खाऊन राहिली’ असे म्हणते. यात ‘खाऊन’ बदलत नाही, आणि कोण खातो त्याप्रमाणे ‘राहिलो, राहिला, राहिली, राहिले’ बदलत जाते. ‘ॲम ईटिंग, इज ईटिंग, आर ईटिंग’ची रचना नेमकी अशीच आहे: ‘ईटिंग’ जागचे हलत नाही, बदलतो तो मदतीचा शब्द. फक्त इंग्रजीत तो आधी येतो, आपल्याकडे नंतर. दुसरीच्या वर्गात मी फळ्यावर काहीही न लिहिता विचारतो, “बंड्या काय करून राहिला?” आणि उत्तर ‘खाऊन राहिला’ आले की लगेच ‘ही इज ईटिंग’ म्हणतो, “आणि रोज काय करते?” असे विचारून ‘खाते’ (वऱ्हाडीत मुलासाठीही ‘खाते’च म्हणतात) आले की ‘ही ईट्स’. पुणेरी पुस्तकातल्या ‘खात आहे’पेक्षा ‘खाऊन राहिला’ने हा भेद मुलांना लवकर कळतो, कारण तो त्यांच्या जिभेवर आधीच बसलेला असतो. आपल्या घरी वऱ्हाडी बोलत असाल तर इंग्रजी बिघडेल या भीतीने ती सोडू नका.

आपल्या शाळांतील आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अंगणवाडीतून आलेले मूलही दारात उभे राहून ‘मे आय कम इन सर’ म्हणते. ‘मे’ हे सहायक क्रियापद आहे, प्रश्नात ते कर्त्याच्या आधी आले आहे, हे त्या मुलाच्या गावीही नसते. ‘मेआयकमिन्सर’ हा त्याच्यासाठी दार उघडण्याचा एक अखंड शब्द असतो. पण काही महिन्यांनी तेच मूल हात वर करून ‘मे आय गो टॉयलेट’ म्हणते, आणखी काही दिवसांनी ‘मे आय टेक चॉक’. ‘टॉयलेट’च्या आधीचा ‘टु द’ नाही म्हणून शिक्षक त्याला अडवतात, आणि त्यात एक मोठी घडामोड नजरेतून सुटते. अखंड शब्दाला तडा गेला आहे, ‘मे आय’ सुटा झाला आहे आणि त्यापुढे हवी ती क्रिया जोडता येते हे मुलाने स्वतः शोधले आहे. सहायक क्रियापदे मुलांना अशीच येतात. आधी पाठ झालेल्या तुकड्यातून, मग तो तुकडा उकलून, आणि उकलताना काही काळ वेडीवाकडी जोडणी करून. तुकडे पाठ होणे वाईट नाही. ते उकलायला प्रसंग न मिळणे वाईट. ‘व्हॉट इज युवर नेम’ वर्षभर घोकले आणि ‘व्हॉट इज युवर फादर्स नेम’, ‘व्हॉट इज इन युवर बॅग’ कधी विचारलेच नाही, तर तो तुकडा तसाच दगडासारखा राहतो.

‘डू’चे प्रकरण सर्वांत अवघड आहे आणि ‘यू आर लाइक मँगो?’ हे त्याचेच लक्षण आहे. मराठीत प्रश्न करायला आवाज चढवला किंवा शेवटी ‘का’ लावला की काम होते, शब्दांची जागा हलत नाही. इंग्रजीत मात्र प्रश्नासाठी एक सहायक क्रियापद पुढे आणावे लागते, आणि वाक्यात ते नसेलच तर ‘डू’ उसना आणावा लागतो. मुलीला प्रश्नात काहीतरी मदतीचा शब्द हवा हे कळले आहे. तिच्याजवळ ‘आर’ होता, तिने तो घातला. पुढे ती ‘डज शी लाइक्स’, ‘डिड यू वेन्ट’ असेही म्हणेल, तेव्हाही घाबरू नये. इंग्रज मुलेही ‘डिड’ लावून वर ‘वेन्ट’ म्हणतात, म्हणजे काळाची खूण दोनदा करतात. ही खूण मदतीच्या शब्दाकडे गेली की मूळ क्रियापद मोकळे होते, हे थोड्या मोठ्या मुलांना आपल्याच भाषेतून दाखवता येते. प्रमाण मराठीत ‘तू जातोस’, पण ‘तू जात नाहीस’. ‘ते जातात’, पण ‘ते जात नाहीत’. ‘स’ आणि ‘त’ हे प्रत्यय ‘नाही’वर गेले आणि ‘जात’ उघडे राहिले. ‘ही गोज’चे ‘ही डज नॉट गो’ होताना हेच घडते. मात्र हे चौथी-पाचवीच्या मुलांसाठी; दुसरीत सांगू नये.

मग दुसरीत करावे काय? येथे माझे मत ठाम आहे. मुलांना ‘हो-नाही’ची उत्तरे असलेले प्रश्न पुष्कळ विचारावेत आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना विचारू द्यावेत. एलिसा न्यूपोर्ट आणि लीला व हेन्री ग्लाइटमन यांनी १९७७ मध्ये आया आणि त्यांच्या लहान मुलींच्या संभाषणाचा अभ्यास मांडला. ज्या आया असे प्रश्न अधिक विचारत, त्यांच्या मुलींच्या बोलण्यात सहायक क्रियापदे अधिक वेगाने वाढत होती. त्या अभ्यासावर पुढे वादही झाले, पण वर्गातला माझा अनुभव त्याच बाजूचा आहे आणि त्यामागचे कारणही पटण्यासारखे आहे. ‘इज शी स्लीपिंग?’ म्हणताना ‘इज’ वाक्याच्या तोंडाशी येतो आणि पूर्ण उच्चारला जातो. ‘येस, शी इज’ या उत्तरात तो शेवटी येतो, आणि तेथे तर ‘येस, शीज’ असे आखडता येतच नाही. मधल्या जागी दबणारा शब्द या दोन जागी स्वच्छ ऐकू येतो. ब्राउन यांच्या यादीतही न आखडता येणाऱ्या जागेवरचे ‘इज’ आखडता येणाऱ्या जागेवरच्या ‘इज’आधी पक्के झालेले दिसते.

आपले स्वतःचे इंग्रजी बेताचे आहे असे आपण लिहिले आहे. त्याने काही अडत नाही. चार-पाच प्रश्न बरोबर पाठ असले तरी पुरे. वेचणीच्या दिवसांत मुलगी सुटीला वावरात येत असेल. तेथे विचारा, ‘इज आजी पिकिंग कॉटन?’ ती ‘येस’ म्हणेल. आपण ‘येस, शी इज’ म्हणावे. ‘इज काका पिकिंग कॉटन?’ काका बैलबंडीखाली आडवे झाले असतील, तर ती हसेल आणि ‘नो’ म्हणेल. आपण ‘नो, ही इज नॉट. ही इज स्लीपिंग’ म्हणावे. दोन-तीन दिवसांत ‘शी इज’, ‘ही इज नॉट’ तिच्या तोंडून आपसूक येऊ लागते. मग बाजू बदलावी. आपण शेळीची धार काढण्याचा, विहिरीतून पाणी शेंदण्याचा किंवा भाकर थापण्याचा नुसता अभिनय करावा आणि तिने ‘आर यू…?’ असे विचारत ओळखावे. क्रियापद इंग्रजीत आठवले नाही तर मराठीच चालू द्यावे. ‘आर यू भाकर थापिंग?’ असे एका मुलीने विचारले होते आणि माझ्या मते त्या तासातले ते सर्वांत शुद्ध इंग्रजी होते, कारण ‘आर’ जागेवर होता आणि ‘इंग’ही. आपल्या वर्गांत प्रश्न नेहमी गुरुजी विचारतात आणि मुले उत्तरे देतात, त्यामुळे सहायक क्रियापद पुढे आणण्याची पाळी मुलांवर येतच नाही. हा खेळ ती पाळी आणतो.

‘डू’साठीही हीच रीत, पण आठ-पंधरा दिवसांचे अंतर ठेवून. ‘डू यू लाइक कारलं?’, ‘डज आजी लाइक टी?’ असे प्रश्न तिने घरभर फिरून सगळ्यांना विचारावेत आणि ‘येस, शी डज’, ‘नो, आय डोन्ट’ अशी उत्तरे आपण सर्वांनी द्यावीत. तान्ह्या पोळ्याला नंदी सजवताना, ‘डू यू वॉन्ट रेड कलर?’ असे विचारण्यात जेवढे शिक्षण आहे तेवढे स्वाध्यायाच्या पानात नाही, कारण उत्तर चुकीचे ऐकले गेले तर नंदी निळा होतो. दोन्ही खेळ एकाच दिवशी घेतले तर ‘आर यू लाइक’ पक्के होण्याचा धोका आहे, म्हणून अंतर सांगितले.

ती चुकली की ‘चूक’ म्हणून थांबवू नये. तिने ‘शी इज प्ले’ म्हटले तर ‘हो का? इज शी प्लेइंग? व्हेअर इज शी प्लेइंग?’ असे म्हणून बोलणे पुढे न्यावे. योग्य वाक्य तिच्या कानावर दोनदा पडते आणि तिचे सांगणेही तुटत नाही. ‘व्हेअर शी इज प्लेइंग?’ असे ती म्हणाली तर ते काही दिवस तसेच राहू द्यावे. इंग्रज मुलांतही एक काळ असा येतो की ‘कॅन ही राइड?’ ते बरोबर विचारतात आणि त्याच दिवशी ‘व्हॉट ही कॅन राइड?’ असे उलटेही म्हणतात. ‘व्हॉट’, ‘व्हेअर’चे प्रश्न थोडे उशिराच रुळतात.

चुलतभावाशी तुलना करताना त्याला दिवसाचे चार-पाच तास वर्गात, मधल्या सुटीत आणि बहुधा घरी टीव्हीवरही इंग्रजी ऐकू येते, आणि आपल्या मुलीला फार तर एखाद-दोन तासिका, हे लक्षात ठेवावे. त्याचे किती बोलणे स्वतः रचलेले आहे आणि किती पाठ तुकड्यांचे आहे, हे पाहुण्यांसमोर कळत नाही.

एका बाबतीत मात्र दुर्लक्ष करू नये. घरच्या भाषेत ती गोष्ट नीट सांगते का, ‘आली होती’, ‘येऊन राहिली’, ‘येणार नाही’ हे भेद बोलण्यात येतात का, मागून हाक मारल्यास वळते का, कान वारंवार फुटतो का, हे पाहावे. घरच्या भाषेतही वाक्ये तुटत असतील किंवा ऐकण्यात शंका असेल, तर तो इंग्रजीचा प्रश्न राहत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते; त्या दिवशी स्वतः हजर राहून डॉक्टरांना ही शंका सांगावी, म्हणजे गरज पडल्यास ते पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवू शकतात. आपल्या वर्णनावरून मला तसे वाटत नाही, कारण कर्त्याप्रमाणे ‘ॲम, इज, आर’ बदलणारे मूल बहुधा नीट ऐकत असते.

राहिला प्रश्न ट्यूशनचा. सरांना तक्ता बंद करा असे सांगून दुखवण्याची गरज नाही. तक्ता लिहून झाल्यावर मुलीने त्यातल्या प्रत्येक शब्दाने सुरू होणारा एक प्रश्न त्यांना विचारावा आणि सरांनी खरे उत्तर द्यावे, एवढी विनंती करून पाहा. ‘आर यू हंग्री, सर?’ला संध्याकाळी सहा वाजता बहुतेक सरांकडे खरे उत्तर असते.